बांधावरचा शब्द

लढाई संपून वर्ष उलटले, तरी तिवरपाड्यात सकाळी भेटलेला माणूस दुसऱ्याला पहिला प्रश्न एकच विचारी. तळ उठणार का?

रोडपालीकडून येणारी पायवाट जिथे खाडीला टेकते, तिथे हे पस्तीस उंबऱ्यांचे गाव. गावासमोरची सगळी खार, म्हणजे खाडीला बांध घालून वाडवडिलांनी मिळवलेली भातजमीन, बेचाळीस साली लष्कराने विमानांसाठी घेतली. आतले बारके बांध मोडले, मुरूम पसरला, रोलर फिरवला, आणि ज्या जागी बायका लावणीला वाकत त्या जागी विमाने उतरू लागली. जमीन घेताना चावडीवर सगळ्यांना सांगितले होते, लढाई संपली की सहा महिन्यांत जमीन परत. लोकांनी त्यावर अंगठे उठवले. लढाई संपली, सहा महिने झाले, आणखी सहा झाले, आणि तळ होता तिथेच होता.

मग जो तो आपापल्या परीने अंदाज करू लागला. गोऱ्यांचे दोन ट्रक पनवेलच्या दिशेने गेले की तळ उठला. एक ट्रक परत आला की तळ राहिला. म्हातारी गंगाबाई तळाच्या मुदपाकखान्याला अंडी घाली. तिचा अंदाज सगळ्यांत पक्का मानला जाई.

"आज चार डझन घेतलीन," ती ओट्यावर टेकत सांगे. "पळून जानारा मानूस चार डझन अंडी नाय घेत रं. त्याचं जानं खरं नाय."

काशिराम मढवी हे ऐके आणि कुंपणाच्या वाटेला लागे. त्याची दोन एकर खार धावपट्टीच्या कडेला होती. तिच्यावर मुरूम पडला नव्हता, नुसते गवत माजले होते. तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले की ती दिसे, आणि दिसे म्हणूनच जिवाला जास्त लागे. पन्नाशी उलटलेला हा माणूस चार वर्षे मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत होता. मिठाने त्याच्या टाचांना चिरा गेल्या होत्या. तो मनाशी म्हणे, अजून पाच-सहा वर्षे अंगात बळ आहे, तेवढ्यात जमीन हाती आली तर आली.

पण काशिरामची गावातली ओळख दोन एकरांची नव्हती. बांधाची राखण त्याच्या घराण्याकडे होती. उधाणाच्या दिवसांत बांधावरून फिरायचे, कुठे पाझर लागला ते पाहायचे, आणि खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडी आत शिरू लागली, की हाक मारायची. ती हाक ऐकली की घरटी एक माणूस निघालाच पाहिजे. भाऊबंदकी असो, अबोला असो, सुतक असो. खांड बुजेपर्यंत घरी परतायचे नाही.

या बांधाचा आणखी एक रिवाज होता. बांधावर उभे राहून कोणी खोटे बोलत नसे. देवळात बोलेल, चावडीवर तर बोलेलच, पण बांधावर नाही. त्याला कारण होते. भरतीच्या वेळी एका टोकाचा माणूस ओरडून सांगतो, पाणी थांबले, उतरा, आणि त्याच्या शब्दावर दहा माणसे खांडीत उतरतात. तो शब्द खोटा निघाला तर दहा घरांत रडारड. म्हणून जमिनीचे तंटेसुद्धा लोक बांधावर नेऊन मिटवत. तिथे उभे केले की माणूस खरे ओकतो, अशी समजूत होती, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरे.

तळ आल्यापासून बांध लष्कराच्या ताब्यात गेला. त्यांनी वाळूची पोती रचली. खाडीने ती दोन पावसाळ्यांत खाल्ली. उधाणाला पाणी धावपट्टीपर्यंत येई आणि दोन-दोन दिवस विमाने उतरत नसत. तेव्हा साहेबाने गावाला कामावर बोलावले, पण गाव गेले नाही. जमीन त्यांची तर बांधही त्यांचा, असे ठरले होते. हे बोललेला पहिला माणूस तुळशीराम. तो काशिरामचा शेजारी, बांधाला बांध लागून असलेला, आणि तोंडाने फटकळ.

त्या वर्षी श्रावणातल्या अवसेला दुपारच्या भरतीत उघाडीच्या अलीकडे बांध फुटला. उघाडी म्हणजे आतले पावसाचे पाणी खाडीत सोडायचे दार. तिथून वीस पावलांवर बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. लोक रस्त्याच्या उंचवट्यावर जमले आणि पाहत राहिले. कोणी हलले नाही.

"शिरू दे," तुळशीराम म्हणाला. "बुडू दे त्यांची पाखरं. पान्यात बसून अंडी खातील."

गंगाबाई म्हणाली, "पाखरं उडून जातील रं. माती कोनाची खारंल? तुझ्या बापाची."

"माती हातात नाय, मंग खारी काय न गोडी काय?"

काशिराम दोघांच्या मधे उभा होता. त्याला दोघांचेही पटत होते. खारे पाणी मुरले की तीन वर्षे भाताचे नाव नाही. तळ उठणार असेल तर आजची खांड म्हणजे आपल्याच पोटावर पाय. पण तळ राहणार असेल, तर खांड न बुजवणे हाच एक उपाय. धावपट्टी बुडत राहिली तर कंटाळून तरी जातील. सगळे एका गोष्टीवर अडले होते, आणि ती गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नव्हती.

तेवढ्यात तळाच्या बाजूने बांधावरून कमळाकर येताना दिसला. कमळाकर हा काशिरामच्या बायकोचा, हौसाचा, धाकटा भाऊ. आईबाप पटकीत गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. तेव्हापासून काशिरामच्या घरात वाढला. काशिरामने त्याला पनवेलच्या शाळेत सातवीपर्यंत शिकवला. आता तो तळाच्या कोठारात कारकून होता, खाकी विजार घाले, साहेबाशी इंग्रजी बोले. खांडीच्या कडेला येऊन त्याने अलीकडच्या लोकांना हात केला. काशिराम बांधावर चढून समोर गेला. मधे पाणी घोंघावत होते, त्यामुळे दोघेही ओरडून बोलत होते आणि सगळ्या गावाला ऐकू येत होते.

"दाजी, बुजवा. तळ उठतोय."

"कोन बोल्ला?"

"कागद आलाय पुण्याहून. माझ्या टेबलावरून गेलाय. दिवाळीपर्यंत जातील. आज पानी मुरलं त सायबाचं काय जानार नाय. तुमचं जाईल."

काशिरामने मागे वळून लोकांकडे पाहिले. मग पुन्हा समोर.

"कमळाकर, पायाखाली बघ. कुठं उभा हायस?"

कमळाकरने खाली पाहिले. त्याच्या बुटांना चिखल लागला होता. तो वाकला, एकेक करून दोन्ही बूट काढले, हातात धरले आणि अनवाणी पाय बांधाच्या चिखलात रोवले.

"बांधावर उभा हाय, दाजी. तळ उठवायचा कागद आलाय."

त्यानंतर विचारायला काही उरले नव्हते. काशिरामने कानांवर हात धरले आणि बापाने शिकवलेली हाक दिली. चार वर्षांत ती गावात कोणी ऐकली नव्हती. तुळशीरामनेच आधी धोतर खोचले.

ओहोटी लागताच कामाला तोंड फुटले. तिवराच्या मेढी ठोकल्या, त्यांत फांद्या आणि पेंढा कोंबला. पाणी अजून ओढत होते, म्हणून आठ जण पाठ प्रवाहाला लावून खांडीत ओळीने बसले. मधे काशिराम, त्याच्या खांद्याला खांदा लावून तुळशीराम. त्यांच्या पाठीमागे बायकांनी हातोहात चिखलाचे गोळे टाकले. तुळशीरामच्या नाकातोंडात पाणी जात होते तरी तो बोलतच होता. "माझा बांध तुझ्या शेतात सरकलाय असं म्हनायचास ना? दिवाळीला मोजू. काठी घेऊन ये." दिवेलागणीच्या आत खांड बुजली. तळाचा साहेब जीपमधून आला, बांधावरून दोन वेळा चालला, टाच आपटून पाहिली आणि काशिरामचा चिखलाचा हात हातात घेतला. नाव विचारले. कमळाकरने सांगितले. साहेबाने ते वहीत टिपले. काशिरामला वाटले, जाणारा माणूस आठवण म्हणून नाव लिहून नेतो आहे.

भादवा त्याच आनंदात गेला. लोकांनी कणग्यांच्या तळाशी जपलेले खाऱ्या जमिनीचे बियाणे काढून उन्हात घातले. काशिराम आणि तुळशीराम कुंपणाबाहेर उभे राहून हद्दीवरून भांडले, आणि भांडण झाल्यावर एकमेकांच्या तंबाखूला चुना लावला. एकट्या गंगाबाईचा चेहरा उतरला होता.

"सहा डझन मागितलीन काल," ती म्हणाली. "मना काय बरं वाटत नाय."

"निरोपाचं जेवन असंल," काशिराम म्हणाला. कमळाकरने त्याला तसेच सांगितले होते.

दसऱ्यानंतर आठव्या दिवशी तलाठी आला. चावडीवर सगळे गोळा झाले. तलाठ्याने चष्मा लावून कागद वाचला. खारीची जमीन सरकारने कायमची घेतली आहे. तळ बंद होणार नाही, धावपट्टी लांबवली जाणार आहे. बांधाच्या डागडुजीला तिवरपाड्याची माणसे लावली जातील, त्यांना तळाच्या कोठारातून तांदूळ मिळेल. त्या कामावर देखरेख कमळाकर याची. आणि बांधाचा राखणदार म्हणून साहेबाच्या शिफारशीवरून काशिराम बुधाजी मढवी याचे नाव मंजूर झाले आहे.

कोणीतरी विचारले, "पन तळ उठनार व्हता ना?"

तलाठी वाईट माणूस नव्हता. त्याने कागद खाली ठेवला. "चाललं होतं खरं. बांध टिकत नाही, म्हणून तळ हलवायचा असं वर ठरत आलं होतं. पण श्रावणात तुम्ही एका ओहोटीत खांड बुजवलीत. साहेबाने तसं लिहून पाठवलं. आता इथला बांध राखता येतो म्हटल्यावर हलवायचं कारणच राहिलं नाही."

मग एकेक मान काशिरामकडे वळली.

"राखनदार," तुळशीराम म्हणाला. "बरं झालं, काशा. मिठाच्या पाट्या सुटल्या." आणि तो उठून गेला.

काशिराम दुसऱ्या दिवशी पनवेलला मामलेदार कचेरीत गेला. तिथल्या कारकुनापुढे दुपारपर्यंत उभा राहिला आणि पाळी आल्यावर म्हणाला, माझे नाव खोडा.

"नोकरी नको असेल तर अर्ज करा, दुसरं नाव घालतील," कारकून म्हणाला. "पण अहवालातलं नाव कसं खोडणार? त्यात खोटं काय आहे? हाक तुम्हीच मारली होती ना?"

"मारली."

"मग?"

काशिरामने नोकरी नको म्हणून अंगठा दिला आणि चालत परत आला. गावात शिरला तेव्हा ओट्यावर बसलेली माणसे आत गेली. एकाच्या घरी तो विस्तव मागायला गेला, तर बाईने विस्तव दिला पण बस म्हणाली नाही. चार दिवस त्याने असे काढले. पाचव्या दिवशी तुळशीराम बांधावर खेकडे धरताना दिसला, तसा तो त्याच्यापाशी गेला आणि पायातल्या वहाणा काढून उभा राहिला.

"तुळशा, हितं उभा राहून सांगतू. मना ठाव नव्हतं."

तुळशीरामने बिळातला हात काढला नाही. "कमळाकर पन हितंच उभा व्हता," तो म्हणाला. "तेनी पन पायातलं काढलं व्हतं."

काशिराम परत फिरला. जमीन गेली ते दुःख चार वर्षांचे होते, त्याची सवय झाली होती. पण ज्या जागी उभे राहून माणसाला आपले खरे सांगता येत होते, ती जागाही गेली होती. आता गावाला खरे पटवायचे तर कुठे उभे राहायचे, हे त्याला कळेना.

भाऊबीज आली. हौसाने भावाला ये म्हणून निरोप धाडला नव्हता, येऊ नको असेही कळवले नव्हते. पण सकाळी तिने अंगण सारवले आणि तांदळाच्या पिठाची गोड बोरे तळली. काशिरामने ते पाहिले. भर दुपारी कमळाकर आला. हातात लुगड्याची घडी होती. पाटावर बसला. हौसा चुलीपाशीच राहिली.

"दाजी, बोलत नाय?"

"कागद खोटा व्हता कं?"

"खोटा नव्हता. आईची आन. तळ उठवायचाच कागद व्हता तो."

"मंग?"

कमळाकरने लुगड्याची घडी मांडीवर सारखी केली. "त्यात खाली लिवलं व्हतं. बांध राखता आला तर पुन्ना विचार करू."

"ती खालची ओळ तू बोलला नायस."

"तुमी इचारली नाय." मग तो घाईघाईने म्हणाला, "दाजी, तळ गेला असता त मी कुठं जानार व्हतो? मिठागरात? तुमीच मना शिकवलात, आन पाट्या वाहू म्हनता? आज पंचवीस घरांत तळाचा तांदूळ शिजतोय. रेशनात काय मिळतं ते तुमाला ठाव हाय. मी कोनाचं वाईट केलं?"

"बांधावर उभा व्हतास."

"बांध तेव्हा पन त्यांचाच व्हता. त्यांच्या बांधावर तुमचा रिवाज कसा चालंल?"

हे तो उर्मटपणे बोलला नाही. शाळेतला हिशेब समजावून सांगावा तसा बोलला, आणि काशिरामला तेच सोसेना. सात वर्षांचे पोर याच पाटावर बसून पहिल्यांदा जेवले होते, तेव्हा त्याला काटे काढून मासा भरवणारा हात आपला होता, असे त्याच्या मनात आले. तो म्हणाला, "हौसा, तुजा भाव बसलाय. काय करायचं ते कर."

हौसा तबक घेऊन आली. तिने निरांजन लावले होते. भावाच्या कपाळाला कुंकू लावले आणि तबक उचलले, एवढ्यात तळाचा एक शिपाई धापा टाकत अंगणात आला. उघाडीशी पाझर मोठा झाला होता, बांध खचत होता. दिवाळीच्या अवसेचे उधाण त्या दिवशी भरात होते. काशिरामने ते सकाळीच वाऱ्यावरून ओळखले होते.

कमळाकर पाटावरून उठला. "दाजी, हाक द्या."

काशिराम भिंतीला टेकून बसला होता, तसाच राहिला.

"दाजी, तुमच्या हाकेशिवाय गाव हलनार नाय. बांध गेला त जमीन खारंल. तुमचीच हाय ना ती?"

"माझी व्हती ती कधीतरी," काशिराम म्हणाला. "तुमची हाय. वाचवा."

"तुमी नको म्हनालात म्हनून दुसऱ्याचं नाव घातलं राखनदाराला. मना वाटलं व्हतं, वेळेला तुमीच उभे राहाल."

कोणाचे नाव घातले ते काशिरामने विचारले नाही. कमळाकरने बहिणीकडे पाहिले. ती तबक धरून तशीच उभी होती, तिने त्याला ओवाळले नाही. तो बूट घालून बाहेर गेला आणि वाटेवर उभा राहून ओरडू लागला. शिकलेल्या माणसाचा तो आवाज होता, नुसताच मोठा. एक दार उघडले नाही. काशिराम ऐकत होता. गाव आपल्याशी बोलत नसले तरी आपल्याबरोबर आहे, असे त्याला क्षणभर वाटून गेले.

मग शेजारच्या ओट्यावरून दुसरी हाक आली. लांबवलेली, शेवटी खाली उतरणारी. काशिरामच्या बापाची हाक, चढउतारासकट. ती तुळशीरामच्या गळ्यातून येत होती.

दारे वाजली. फावडी उचलल्याचे आवाज आले, पावले वाटेला लागली. कोणीतरी म्हणाले, राखनदार पुढं व्हा. कोणीतरी हसले. गंगाबाई काशिरामच्या दारावरून जाताना थांबली आणि आत डोकावली.

"तुळशाची सहा पोरं हायेत रं," ती म्हणाली. "सगळ्याना तांदूळ लागतो." आणि डोक्यावरची पाटी सावरत तीही बांधाकडे गेली.

हौसाने तबक खाली ठेवले. "तुळशीभाऊजीच ना?"

"तोच."

"तुमी जानार?"

काशिरामने नाही म्हणून मान हलवली. बराच वेळ तो पावलांचा अंदाज घेत राहिला. वीस-बावीस माणसे. खांडीत कोणी बसले नाही तर मेढी टिकणार नाहीत, दोन ओहोट्या लागतील. तुळशीरामला ते ठाऊक होते. तो बसेल. त्याच्या शेजारी कोण बसेल, एवढेच काशिरामला सांगता येईना.

संध्याकाळी खाडीकडून खांड बुजल्याची आरोळी आली. हौसा ओट्यावर दिवा लावून आत आली, भावासाठी वाढलेले ताट तसेच होते ते तिने नवऱ्यापुढे सरकवले. काशिरामने एक बोर उचलले आणि हातात धरून बसला. धावपट्टीवर पुन्हा दिवे लागल्याचे दारातून दिसत होते.